प्राध्यापकांसाठी ठेवलेलं पाणी

सेमेस्टर संपत आलं की विद्यापीठाकडून एक फॉर्म येतो. शिक्षकाने विषय नीट समजावला का, तयारी करून आला होता का, प्रश्नांची उत्तरं दिली का. एक ते पाच गुण द्या, आणि खाली मोकळी जागा आहे तिथे काय वाटेल ते लिहा. तुमच्यापैकी बहुतेकांनी तो कधीतरी भरला असेल. काहीजणांच्या नावाने तो भरलाही गेला असेल, कारण आपली बरीच मुलं इथे शिकता शिकता ट्युटोरियल घेतात. त्या मोकळ्या जागेत लोक काय काय लिहितात, हे ज्याने वाचलंय त्यालाच माहीत.

गेल्या भागाचं रेकॉर्डिंग आम्ही त्सुफेनहाउझेनमध्ये केलं. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: हा स्टुटगार्टचा उत्तरेकडचा भाग, पोर्शेचा कारखाना आहे तो. (स्टुटगार्ट आणि मुंबई १९६८पासून जुळी शहरं आहेत, हे मलाही इथे येऊन कळलं. जुळ्यांमध्ये साम्य शोधू नका, मिळणार नाही.) एका मैत्रिणीच्या स्वयंपाकघरात आम्ही सहाजण बसलो होतो, आणि मागे एस-बान जाताना ऐकू येते ती तिथलीच. त्यातली एक मुलगी इथे मास्टर्स करते आणि पहिल्या वर्षाच्या मुलांना गणिताचं ट्युटोरियल घेते. तिच्या फॉर्मवर कुणीतरी लिहिलं होतं की जर्मन धड येणारा ट्यूटर द्या. सांगताना ती हसली. मलाही माझं पहिलं वर्ष आठवलं. कुठल्या विद्यापीठात ते राहू दे, पण एकाने लिहिलं होतं की या बाईंचे उच्चार कळत नाहीत, यांना कोणी नेमलं?

मग मी प्राध्यापक आंबेडकरांची गोष्ट सांगितली. तुम्ही ती ऐकली असेल. बऱ्याच जणांनी कळवलं की गोष्ट फार आवडली, उभारी देणारी वाटली. तिथेच माझ्या लक्षात आलं की मी ती अर्धीच सांगितली होती. म्हणून आता पुन्हा, सावकाश.

साल १९१८. नोव्हेंबर महिना. पहिलं महायुद्ध त्याच महिन्यात थांबलं. इन्फ्लुएन्झाच्या साथीचा सगळ्यात वाईट काळ मुंबईने नुकताच पाहिलेला. अशा मुंबईत सिडनहॅम कॉलेजमध्ये अर्थशास्त्राचे एक नवे प्राध्यापक रुजू झाले. कॉलेज १९१३मध्ये निघालेलं, म्हणजे तेही नवंच. वाणिज्य शिकवणारं आशियातलं पहिलं महाविद्यालय अशी त्याची ओळख. प्राध्यापकांचं वय सत्तावीस. आज मी ज्या वयाची आहे त्याहून चांगलंच कमी. पगार महिना ४५० रुपये.

हातात काय होतं त्यांच्या? मुंबई विद्यापीठाची बी.ए., न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाची एम.ए., आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्धवट राहिलेला अभ्यास. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती संपली म्हणून तो सोडून १९१७मध्ये परत यावं लागलं होतं. पुस्तकं आणि सामान वेगळ्या बोटीने पाठवलं होतं, ती बोट युद्धात बुडाली. प्रबंधाचं हस्तलिखितही गेलं. (बॅकअप घ्या, असं मी तुम्हाला दर भागात सांगते, त्यामागे ही बोट आहे.) करारानुसार बडोद्याला नोकरी धरली. तिथे कचेरीतले शिपाई फायली हातात न देता लांबून टाकायचे, आणि राहायला जागा मिळेना. मुंबईला परतल्यावर शिकवण्या केल्या. शेअर्सच्या व्यापाऱ्यांना सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला. सल्ला देणारा कोण आहे हे कळलं तसं गिऱ्हाईक यायचं थांबलं.

यातली विसंगती बघा. शेअरबाजार हा पैशाचा बाजार. तिथे सल्ला बरोबर की चूक, एवढाच प्रश्न असायला हवा. अर्थशास्त्राच्या पुस्तकातला माणूस तसाच वागतो. मुंबईतला वागला नाही.

सिडनहॅममधली जागा मिळायला मुंबईचे माजी गव्हर्नर लॉर्ड सिडनहॅम यांची ओळख उपयोगी पडली. ज्यांच्या नावाचं कॉलेज, त्यांचीच शिफारस. जागा तात्पुरती होती. आपण आज ‘कंत्राटी’ म्हणतो त्यातली.

आता विद्यार्थी. चरित्रकार धनंजय कीर यांनी या दिवसांबद्दल लिहिलंय. सुरुवातीला मुलांनी या प्राध्यापकांची दखलच घेतली नाही. अस्पृश्य माणूस, तो आपल्याला काय शिकवणार, असा सूर. मग हळूहळू चित्र पालटलं. तयारी दांडगी, विषय खोल, मांडणी स्वच्छ. मुलं लक्ष देऊन ऐकायला लागली. पुढे तर दुसऱ्या कॉलेजांतली मुलं परवानगी काढून त्यांच्या तासाला येऊन बसू लागली.

पॉडकास्टवर मी इथे थांबले होते. इथे थांबलं की गोष्ट आपल्या सोयीची होते. हुशार माणूस, परकं वातावरण, सुरुवातीला नाकं मुरडणारे लोक, मग गुणवत्तेचा विजय. परदेशात शिकवणाऱ्या आपल्या प्रत्येकाला यात स्वतःचा चेहरा दिसतो. ट्युटोरियलवाल्या त्या मुलीलाही दिसला असणार.

विद्यार्थ्यांचं श्रेय मात्र मला कमी करायचं नाही. ज्या मुलांच्या घरात लहानपणापासून एक गोष्ट शिकवली गेली होती, त्यांनी निदान वर्गाच्या चार भिंतींत ती बाजूला ठेवली. ते सोपं नव्हतं. आणि ऐकण्यासारखं तिथे बरंच होतं. नेमणुकीच्या थोडं आधी, १९१८मध्येच, आंबेडकरांचा भारतातल्या लहान शेतजमिनींवरचा लेख प्रसिद्ध झाला होता. तेव्हा सगळे म्हणत होते की शेतं फार लहान झालीत, तुकडे एकत्र करा. आंबेडकरांचं म्हणणं असं की शेत लहान की मोठं हे नुसत्या एकरांवर ठरत नाही, त्यावर किती भांडवल आणि किती माणसं लागलीत त्यावर ठरतं. आपल्याकडे जमिनीवर माणसंच जास्त झालीत, त्यांना दुसरं काम नाही. तेव्हा शेतीचा इलाज कारखान्यांत शोधा. आज हे वाचताना ओळखीचं वाटतं. सत्तावीस वर्षांच्या माणसाने १९१८मध्ये रूढ मताला असं उलटं धरणं ओळखीचं नव्हतं.

शिवाय काळ कसला होता! घरी पैसे पाठवण्याआधी तुम्ही ॲपवर युरोचा दर बघता ना? तसा तेव्हा मुंबईचा व्यापारी रुपयाचा दर बघत होता. वर्षानुवर्षं एक रुपया म्हणजे एक शिलिंग चार पेन्स, हे गणित पक्कं होतं. युद्धात चांदी महागली आणि रुपयातल्या चांदीची किंमतच रुपयापेक्षा वाढायची वेळ आली, तसा दर चढत गेला. सरकारने बॅबिंग्टन स्मिथ समिती नेमली. १९२०च्या सुरुवातीला तिने सोन्याच्या हिशेबात दोन शिलिंगांचा दर सुचवला. मुंबईचे दादिबा दलाल यांनी वेगळं मत नोंदवलं. सरकारला तो दर टिकवता आला नाही. रुपया घसरला, आणि चढ्या दराच्या भरवशावर विलायतेहून माल मागवलेले आयातदार अडकले. वाणिज्य शिकणाऱ्या मुंबईच्या मुलांसाठी हा विषय पुस्तकातला नव्हता, घराबाहेरच्या पेढीवरचा होता.

प्राध्यापक राहत होते ते मात्र पेढ्यांपासून लांब. गिरणगावात, परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत, ५० आणि ५१ नंबरच्या दोन खोल्यांत. ४५० रुपये तेव्हा भक्कम पगार होता, पण घरखर्चाला रमाबाईंच्या हाती मोजके पैसे देऊन बाकीचे लंडनसाठी बाजूला पडत होते. जानेवारी १९१९मध्ये महागाईने पिचलेल्या गिरणी कामगारांनी संप केला, लाखाहून अधिक कामगारांचा. तो या प्राध्यापकांच्या दारातच झाला म्हणायचा. पुढे लंडनला जाऊन त्यांनी रुपयावर प्रबंध लिहिला. रुपया स्वस्त झाला की देशाचा फायदा होतो असं तेव्हाही म्हणत. त्यावर त्यात एक साधा, बोचरा प्रश्न आहे: फायदा कुणाचा? किमती चढतात तशी मजुरी चढत नाही. म्हणजे मालकाला जे मिळतं ते मजुराच्या ताटातून जातं. हा विचार कुठे बसून सुचला ते मला ठामपणे म्हणायचं नाही, पण परळच्या त्या दोन खोल्या मी तो भाग वाचताना डोळ्यांपुढून काढू शकत नाही.

(हे पुस्तक १९२३मध्ये आलं. प्रस्तावना त्यांचे लंडनचे शिक्षक एडविन कॅनन यांची. त्यात कॅनन सरळ म्हणतात की यातले बहुतेक युक्तिवाद मला मान्य नाहीत, तरी काही ठिकाणी नेम अचूक आहे आणि चुकतो तिथेही विचारांत ताजेपणा आहे. पीएचडी करणाऱ्यांनो, असा गाइड मिळाला तर सोडू नका.)

आता उरलेली अर्धी गोष्ट.

कॉलेजात प्राध्यापकांसाठी पिण्याच्या पाण्याचं भांडं ठेवलेलं असे. आंबेडकर त्यातलं पाणी पितात, याला काही सहकारी प्राध्यापकांनी हरकत घेतली. कीरांनी ते गुजराती होते असं लिहिलंय. हे वाचून मराठी माणसाने सुटकेचा निःश्वास टाकायचं कारण नाही. शाळेत भीमरावांना स्वतः हात लावून पाणी घ्यायची मुभा नव्हती, ती शाळा साताऱ्याची होती.

हे हरकत घेणारे कोण, याचा विचार करा. ते अडाणी नव्हते. त्याच कॉलेजात शिकवणारे, इंग्रजी पुस्तकं वाचणारे, बहुधा तासाला समता आणि प्रगती यांवर बोलणारे लोक. नवा सहकारी कोलंबियाचा आहे, दुसऱ्या कॉलेजांतली मुलं त्याला ऐकायला येतात, हे त्यांना दिसत होतं. त्याच्या विद्वत्तेबद्दल त्यांची तक्रार नव्हतीच. तक्रार पाण्याची होती.

म्हणजे मुलांची अट आणि प्राध्यापकांची अट वेगळी होती. मुलांना शंका होती की याला येतं का. ती शंका शिकवून फेडता येते, आणि फेडली गेली. प्राध्यापकांच्या हरकतीवर शिकवण्याचा काही इलाज नव्हता. कितीही उत्तम शिकवलं असतं तरी ते भांडं तिथेच, तसंच राहिलं असतं. गुणवत्तेचा विजय वगैरे मी जे पॉडकास्टवर बोलून गेले, त्यात हा भाग बसत नाही. माझ्या उच्चारांवर लिहिणाऱ्या त्या विद्यार्थ्याचा राग आला होता मला, पण त्याच्याशी माझा हिशेब उच्चार सुधारून मिटणार होता, आणि मिटलाही. विभागाच्या कॉफी मशीनला मी हात लावला म्हणून कुणी तोंड फिरवलं नाही. या दोन गोष्टी एका ओळीत ठेवायचा मला अधिकार नाही.

उलट बाजूने मात्र माझ्या घरात पुरावा आहे. आजीच्या मागच्या पडवीत, कोनाड्यात, कान तुटलेला एक कप असायचा. कामाला येणाऱ्या बाईंचा. चहा वरून ओतला जायचा, कप त्याच विसळून ठेवायच्या. आजी प्रेमळ होती, त्यांच्या मुलीच्या शाळेची फी तिने दोनदा भरली होती. कप मात्र वेगळा. ही गोष्ट १९१८ची नाही, मी सात-आठ वर्षांची असतानाची आहे.

मार्च १९२०मध्ये आंबेडकरांनी राजीनामा दिला. सोळा-एक महिन्यांची नोकरी. त्याच वर्षी ३१ जानेवारीला ‘मूकनायक’ सुरू झालं होतं. सरकारी कॉलेजातल्या प्राध्यापकाला उघडपणे संपादक होता येत नव्हतं, म्हणून संपादक म्हणून नाव पांडुरंग नंदराम भटकर यांचं. जुलैमध्ये ते लंडनला निघाले. साठवलेले पैसे, कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून उसने घेतलेले पाच हजार. शिकवून पैसे जमवले आणि पुन्हा विद्यार्थी झाले. मधेच १९२१मध्ये इथल्या बॉन विद्यापीठातही नाव नोंदवलं. तेव्हा जर्मन धड येणारा माणूस पाहिजे असं कुणी म्हणालंच असतं, तर त्यांनी अर्ज जर्मनमध्येच केला होता.

पाण्याचा विषय संपला नाही. २० मार्च १९२७ला महाडच्या चवदार तळ्यावर तो पुन्हा निघाला, या वेळी हजारोंच्या सोबतीने. आणि शिकवणंही संपलं नाही. पुढे ते मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजात प्राध्यापक, मग प्राचार्य झाले. १९४६मध्ये त्यांच्या संस्थेने सिद्धार्थ कॉलेज काढलं, आणि १९५३मध्ये वाणिज्य आणि अर्थशास्त्राचं वेगळं कॉलेज. तिथल्या प्राध्यापकांच्या खोलीत पाणी कुणी प्यायचं हा प्रश्न नव्हता.

त्या दिवशी त्सुफेनहाउझेनला रेकॉर्डिंग संपलं, माइक बंद झाले. ट्युटोरियलवाली मुलगी माझ्यासोबत सिंकपाशी सहा कप धूत होती. म्हणाली, “ताई, मुलांचं मत बदललं हे कळलं. पण बाकीच्या प्राध्यापकांचं काय झालं?” मी म्हटलं, ते पुढच्या भागात सांगते. पुढचा भाग रुपयाच्या दरावर आहे, त्यात हे कुठेच येणार नव्हतं.