ऋतुप्राप्तीचे वय : जुना वाद आणि नवे ज्ञान

मुलीच्या देहात यौवनाची चिन्हे कोणत्या वयात प्रकट होतात, हा प्रश्न वरवर पाहता केवळ वैद्यकाचा वाटतो. परंतु गेल्या सुमारे पावणेतीनशे वर्षांत त्याच्या उत्तरावर वंशांची प्रतवारी ठरली, विवाहविषयक कायदे बेतले गेले आणि असंख्य मुलींच्या आयुष्याचा निर्णय झाला. या सर्व काळात एक गोष्ट बहुधा गृहीत धरली जात असे. ती ही, की यौवनाचे चिन्ह दिसले म्हणजे परिपक्वता आली. हे गृहीत कसे रूढ झाले आणि कसे ढासळले, याचा मागोवा प्रस्तुत निबंधात घ्यावयाचा आहे.

युरोपात या विषयाची चर्चा हवामानाच्या सिद्धांतापासून सुरू होते. १७४८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या कायदेविषयक ग्रंथात माँतेस्क्यूने असे प्रतिपादिले, की उष्ण देशांतील स्त्रिया आठ, नऊ किंवा दहा वर्षांच्या वयातच विवाहयोग्य होतात. त्यांच्या ठायी रूप आणि विवेक एका वेळी नांदत नाहीत, म्हणून त्या परतंत्र राहतात, असे अनुमानही त्याने काढले. स्त्रियांच्या दास्याचे खापर अशा रीतीने सूर्यावर फुटले. या मताला पहिला साधार विरोध मँचेस्टरच्या जॉन रॉबर्टन या शस्त्रवैद्याने केला. १८३२ पासून त्याने प्रथम रजोदर्शनाच्या वयाच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. पुढे पत्रव्यवहार करून हिंदुस्थानातूनही माहिती मिळविली. हवामानामुळे स्त्रीप्रकृतीत मूलभूत भेद पडत नाही आणि हिंदुस्थानातील बालविवाहाचे कारण उष्णता नसून रूढी आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. तथापि उष्ण कटिबंधाविषयीचा जुना समज त्यानंतरही दीर्घकाळ टिकून राहिला.

हिंदुस्थानातील परंपरा या बाबतीत एकमुखी नव्हती. पराशरस्मृतीत आठ वर्षांची ती गौरी, नऊ वर्षांची रोहिणी, दहा वर्षांची कन्या आणि त्यापुढील रजस्वला, असा क्रम दिलेला आहे. सुश्रुताने मात्र रजःप्रवृत्तीचा आरंभ बाराव्या वर्षी सांगितला आणि सोळा वर्षांखालील स्त्रीच्या ठायी गर्भधारणा अनिष्ट ठरविली. चिन्ह आणि परिपक्वता यांत चार वर्षांचे अंतर आहे, हा विचार आयुर्वेदाला अपरिचित नव्हता, हे येथे ध्यानात घेण्यासारखे आहे.

हाच भेद १८९१ च्या संमतिवयाच्या वादात ऐरणीवर आला. १८६० च्या दंडसंहितेने संमतीचे वय दहा वर्षे ठरविले होते. १८९० साली कलकत्त्यात फुलमणी दासी ही अल्पवयीन विवाहिता पतीच्या समागमाने मृत्यू पावली, आणि ५५ स्त्री-डॉक्टरांनी अशा घटनांचा दाखला देणारा अर्ज सरकारकडे पाठविला. जानेवारी १८९१ मध्ये अँड्र्यू स्कोबल यांनी वय बारा करणारे विधेयक मांडले. प्रथम ऋतूनंतर गर्भाधानसंस्कार झालाच पाहिजे, या मतामुळे वादाचे सारे बळ एका प्रश्नावर एकवटले : बारा वर्षांपूर्वी ऋतू प्राप्त होणाऱ्या मुली किती? रा. गो. भांडारकर यांनी धर्मशास्त्राच्या आधारे असे दाखवून दिले, की प्रथम ऋतूच्या वेळीच हा संस्कार करणे अनिवार्य नाही. लोकमान्य टिळकांनी त्यांच्या अर्थनिर्णयाला विरोध केला. परकीय सरकारने धर्माचारात हात घालू नये, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता. १९ मार्च १८९१ रोजी कायदा संमत झाला. उभय पक्षांचा युक्तिवाद पाहता असे दिसते, की ऋतुप्राप्तीचे वय हे निसर्गाने नेमून दिलेले असते, याविषयी फारशी शंका कोणालाच नव्हती.

ही शंका विसाव्या शतकातील मोजमापांनी उत्पन्न केली. ब्रिटिश शरीरवाढतज्ज्ञ जेम्स टॅनर यांनी युरोपातील जुन्या नोंदी एकत्र करून दाखविले, की एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून प्रथम रजोदर्शनाचे वय सतत खाली येत गेले आहे. नॉर्वेतील जुने आकडे सुमारे १७ वर्षांचे, तर विसाव्या शतकाच्या मध्याचे सुमारे १३ वर्षांचे होते. ही घट काहीशी वाढवून दाखविली गेली, असे पुढील संशोधकांचे मत पडले. पण घट झाली, हे निर्विवाद राहिले. नॉर्वेचे हवामान या काळात उष्ण कटिबंधासारखे झाले नव्हते. बदलले होते ते अन्न, आरोग्य आणि राहणीमान.

यापेक्षाही बोलके प्रमाण १९९१ साली स्वीडनमधून पुढे आले. तेथे दत्तक गेलेल्या १०७ भारतीय मुलींच्या अभ्यासात प्रथम रजोदर्शनाचे मध्यक वय ११.६ वर्षे आढळले. ते स्वीडिश मुलींपेक्षा आणि भारतातील सुखवस्तू घरांतील मुलींपेक्षाही कमी होते. एका मुलीला तर ७.३ वर्षांच्या वयात ऋतू प्राप्त झाला. बाल्यारंभीच्या कुपोषणानंतर एकाएकी मिळालेले भरपूर पोषण हे याचे संभाव्य कारण मानले गेले. माँतेस्क्यूच्या सिद्धांतानुसार ज्या थंड देशात त्यांचे यौवन लांबावयास हवे होते, तेथेच ते लवकर आले. या मुलींची अंतिम सरासरी उंची सुमारे १५४ सेंटिमीटर भरली.

उंचीच्या या आकड्यात लवकर आलेल्या यौवनाचा पहिला दूरगामी परिणाम दिसतो. मेंदूतील अधश्चेतकाच्या संदेशाने पीयूषिका ग्रंथी जागृत होते व तिच्या प्रेरणेने बीजकोश ईस्ट्रोजेन हे संप्रेरक स्रवू लागतात. त्यामुळे मुलगी प्रथम झपाट्याने वाढते. परंतु हाडांची वाढीची टोके लवकर जुळून येतात आणि वाढ अकाली थांबते. आठ वर्षांपूर्वी ही प्रक्रिया सुरू झाल्यास ती औषधाने थोपविता येते, हे १९८१ पासून ज्ञात आहे.

यौवनाची सर्व चिन्हे मात्र एका वेगाने पुढे सरकलेली नाहीत. कोपनहेगन येथे १९९१ ते १९९३ या काळात स्तनवृद्धीच्या आरंभाचे सरासरी वय १०.८८ वर्षे होते. २००६ ते २००८ या काळात ते ९.८६ झाले. रजोदर्शनाचे वय मात्र १३.४२ वरून १३.१३ इतकेच खाली आले. म्हणजे पहिले चिन्ह आणि ऋतुप्राप्ती यांतील अंतर वाढले. जघनरोमांचे चिन्ह तर अधिवृक्क ग्रंथीच्या संप्रेरकांमुळेही एकटेच उद्भवू शकते. बार्सिलोना येथील संशोधकांनी १९९० नंतरच्या दशकात असे दाखविले, की हे चिन्ह अकाली दिसलेल्या काही मुलींत पुढे बीजकोशांतील पुरुषी संप्रेरकांचे आधिक्य आणि इन्सुलिनचे वाढलेले प्रमाण आढळते, आणि जन्मतः कमी वजनाशी त्याचा संबंध पोहोचतो.

उत्तरवयातील परिणामांची मोजदाद अलीकडची आहे. ११७ अभ्यासांचे संकलन करून २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणानुसार ऋतुप्राप्ती जितकी वर्षे अगोदर, तितक्या प्रत्येक वर्षामागे स्तनाच्या कर्करोगाचा धोका सुमारे ५ टक्क्यांनी वाढतो. ब्रिटनमधील दहा लाखांहून अधिक स्त्रियांच्या पाहणीत (२०१४) दहाव्या वर्षी वा त्यापूर्वी ऋतू प्राप्त झालेल्यांत हृदयविकाराचा धोका तेराव्या वर्षाच्या तुलनेत २७ टक्क्यांनी अधिक आढळला. परंतु सतराव्या वर्षी वा त्यानंतर ऋतू प्राप्त झालेल्यांतही तो जवळजवळ तितकाच वाढलेला होता. मधुमेहाशीही असाच संबंध दिसतो. त्याचा काही अंश लठ्ठपणामुळे आहे. हे आकडे समूहाचे आहेत. एखाद्या मुलीचे भवितव्य त्यांवरून वाचता येत नाही. त्यांवरून इतकेच निष्पन्न होते, की अशा मुलीचे वजन, आहार व पुढील आरोग्य यांकडे दीर्घकाळ लक्ष पुरविले पाहिजे.

या इतिहासाचा विचार करता एक विपरीत गोष्ट नजरेस येते. ज्या चिन्हाला पूर्वी मुलीच्या बाल्याचा शेवट मानले गेले, ते जितके लवकर दिसेल तितकी त्या मुलीला बालक म्हणून जपण्याची गरज अधिक, असे आजचे ज्ञान सांगते. कायद्यानेही क्रमाक्रमाने हाच मार्ग धरला. १९२९ च्या शारदा कायद्याने विवाहासाठी चौदा, आणि २०१२ च्या बालसंरक्षण कायद्याने संमतीसाठी अठरा वर्षांची मर्यादा घातली. वयाची ही गणना देहाच्या चिन्हांपासून स्वतंत्र आहे. १८९१ साली वाद चालला होता तो बारा या आकड्यावर. परंतु त्या आकड्याच्या आड, आठ-दहा वर्षांच्या मुलीच्या देहाने दिलेली साक्ष तिच्याच विरुद्ध वापरता येईल काय, हा खरा प्रश्न होता. त्याचे नकारार्थी उत्तर धर्मशास्त्राच्या अर्थनिर्णयातून भांडारकरांनी, तर मोजमापांतून पुढील शतकाने दिले.