मधली चित्रे कोण काढतो?

दोरीला टांगलेला लंबक वेबपानावर झुलताना दाखवायचा आहे. त्याची इतकी चित्रे काढणार कोण?

प्रश्न वेबपानांहून जुना आहे. चित्रपटात दर सेकंदाला २४ चौकटी पडद्यावर येतात. म्हणून १९३० च्या दशकात डिस्नेच्या स्टुडिओत मुख्य चित्रकार हालचालीच्या ठळक अवस्था तेवढ्या काढत आणि मधली चित्रे साहाय्यक भरत.

होकोन विउम ली यांनी १९९४ मध्ये वेबपानांसाठी शैलीपत्रकाची, म्हणजे स्टाइलशीटची, कल्पना मांडली. १९९६ च्या पहिल्या प्रमाणात रंग, अक्षरे, समास होते, हालचाल नव्हती. त्यासाठी जिफ चित्रात चौकटी साठवाव्या लागत, नाही तर वेगळा प्रोग्राम लिहावा लागे. २००९ च्या मसुद्यात मात्र शैलीपत्रकात 'कीफ्रेम्स' आल्या. नाव आणि युक्ती दोन्ही चित्रकारांची! ठळक अवस्था आपण सांगायच्या, मधल्या ब्राउझर भरतो.

पण हा साहाय्यक सांगकाम्या आहे. गोळ्याच्या फक्त दोन टोकांच्या जागा दिल्या, तर तो गोळा सरळ रेषेत नेतो. खरा गोळा कंसात फिरतो. म्हणून जागेऐवजी कोन सांगायचा: खुंटीभोवती दोरी उणे २० अंशांपासून अधिक २० अंशांपर्यंत फिरव. वेगही सांगायचा: टोकांशी मंद, मध्ये जलद.

वर्गात दोन टोकांची चित्रे देऊन मधली पाच मुलांना काढायला सांगू या. बरीच मुले अंतरे सारखी ठेवतील. मग खरा लंबक टांगून निरीक्षण करू, आणि शैलीपत्रक त्यानंतरच लिहू.