मूळ चित्रण आणि चालती तबकडी

अमरावतीचा आणि चित्रपटांचा संबंध जुना आहे. चित्रपटांच्या व्यापाऱ्यांनी देशाचे जे विभाग पाडले, त्यांतील एकाला 'सी. पी. बेरार' हे नाव पडले. पुढे १९५० साली त्या नावाचा प्रांत उरला नाही, १९५६ साली आपला विदर्भ मुंबई राज्यात आला; परंतु व्यापारात ते नाव टिकून राहिले, आणि ह्या विभागाच्या वितरकांच्या कचेऱ्या अमरावतीत होत्या. रिळांचे पत्र्याचे डबे येथे येत आणि येथून गावोगावच्या थिएटरांत जात. फिरून फिरून त्या फितींवर ओरखडे पडत, त्या तुटत, पुन्हा चिकटविल्या जात. त्याचे कोणाला फारसे दुःख नसे. कारण थिएटरात चालत असे ती प्रत, आणि जिच्यापासून ती काढली ती मूळ निगेटिव्ह निराळी ठेवलेली असे. प्रत झिजण्यासाठीच असते, मूळ झिजू द्यावयाचे नसते, असा हा साधा नियम.

मूळ हाती न राहिले म्हणजे काय होते, हेही त्याच धंद्याने दाखविले आहे. दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात लोकांसमोर आला. त्याची रिळे चार. आज उरली आहेत ती पहिले आणि शेवटचे. तीही १९१३ ची नसून १९१७ साली पुन्हा काढलेल्या चित्रपटाची असावीत, असे काही अभ्यासकांचे मत आहे. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले ते १९६४ साली, म्हणजे अर्धशतक लोटल्यावर. फाळक्यांसारख्या पुरुषाच्या कृतीची ही गत, तर तुमच्याआमच्या चित्रणाचे काय होणार, हा आजचा आमचा विषय आहे.

कॅमेरा सामान्य माणसाच्या हाती येण्यास फार काळ जावा लागला. व्हिडिओ कॅसेट आली तेव्हा प्रथम लग्नांचे 'शूटिंग' सुरू झाले. मग वाढदिवस, गणेशोत्सव आणि आमच्यासारख्यांचे मोर्चे. डीव्हीडीचे प्रमाण १९९५ साली ठरले, आणि १९९६ साली जपानात तिची यंत्रे विक्रीस आली. पुढच्या दहा-बारा वर्षांत ती यंत्रे वऱ्हाडातील साध्या घरांतूनही दिसू लागली. इतक्यात, २००६ साली, दोन जपानी कंपन्यांनी एव्हीसीएचडी नावाची नवी चित्रण-पद्धती जाहीर केली. तळहातात मावणारा कॅमेरा हाय डेफिनिशन चित्रे घेऊ लागला. कॅमेरा पुढे गेला. घरातले यंत्र मात्र होते तेथेच राहिले. सारी अडचण येथून सुरू होते.

अकोल्यात सावतराम आणि मोहता अशा दोन कापड गिरण्या होत्या. १९७४ च्या कायद्याने दोन्ही सरकारच्या ताब्यात आल्या. आज त्या चालू नाहीत. गिरणीचे हिशेब, खरेदीखते, यंत्रांच्या याद्या कोठे ना कोठे सापडतात. साच्यावर उभ्या राहिलेल्या माणसाने काय केले, कसे केले, ह्याची नोंद कोण ठेवतो? २०१० साली आम्ही अशा निवृत्त कामगारांना एकत्र बसविले आणि एका स्नेह्याचा नवा कॅमेरा आणून त्यांचे बोलणे टिपले. त्यांत साचेखात्यातील एक वृद्ध विणकर होते. तुटलेला धागा कसा सांधावयाचा, हे त्यांनी बोटांनी करून दाखविले. डोळ्यांना कमी दिसत होते, पण बोटे चुकली नाहीत.

त्यांच्या घरी दाखवावे म्हणून आम्ही कॅमेऱ्यातील फायली जशाच्या तशा कोऱ्या डीव्हीडीवर उतरवून नेल्या. यंत्राने ती तबकडी ओळखलीच नाही. आम्ही ओशाळलो. कारण नंतर कळले. साधे डीव्हीडी-यंत्र एमपेग-२ ही लिपी वाचते, असे म्हणा. नवा कॅमेरा एच.२६४ ह्या दुसऱ्या लिपीत लिहितो. तेव्हा सारे चित्रण संगणकावर नव्याने लिहावे लागते, त्याची ठरलेल्या नावांच्या फोल्डरात मांडणी करावी लागते, मग ते तबकडीवर उतरवावयाचे आणि शेवटी तबकडी 'फायनलाइज' म्हणजे बंद करावयाची. ती बंद केली नाही तर दुसऱ्या घरच्या यंत्रावर बहुधा चालत नाही. ४.७ जीबीच्या तबकडीवर चांगल्या दर्जाचे चित्रण तासभर मावते; दोन तास कोंबले तर चित्र आणखी उतरते.

ह्या व्यवहारात गमवावे काय लागते? पूर्ण हाय डेफिनिशन चित्रात आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात. आपल्याकडच्या डीव्हीडीत ७२० आणि ५७६. गुणाकार करून पाहा: २०,७३,६०० आणि ४,१४,७२०. बरोबर पाचास एक. पाच ठिपक्यांतील चार आपण सोडून देतो, तेव्हा तबकडी घरोघर चालते.

आम्ही तशी तबकडी केली, तिच्या प्रती वाटल्या. लोकांना आनंद झाला. सर्वांना पाहावयास मिळावे म्हणून साधी प्रत काढली, ह्यात आमची चूक नव्हती. चूक पुढेच झाली. दुसऱ्या मोर्च्यासाठी कार्ड मोकळे हवे होते, म्हणून आम्ही मूळ फायली पुसून टाकल्या. डीव्हीडी आहे ना, मग झाले, असे आम्ही म्हटले.

काही वर्षांनी ते विणकर गेले. त्यांच्या नातवाने तबकडी लावली. आवाज आला, चेहरा ओळखू आला. तो म्हणाला, "भाऊ, आबाजीचे हात काऊन साफ नाही दिसून रायले?" आम्हांला उत्तर देता आले नाही. ज्या बोटांसाठी चित्रण केले, तीच त्या चार ठिपक्यांबरोबर गेली होती. पुढे चित्र अडखळू लागले. विकत मिळणाऱ्या चित्रपटाच्या तबकडीत साच्याने खळगे उठविलेले असतात. घरी केलेल्या तबकडीत रंगद्रव्याचा थर असतो आणि लेसरच्या उष्णतेने त्यावर खुणा पडतात, म्हणून त्या क्रियेला 'बर्न' करणे म्हणतात. तो थर ऊन आणि उष्णता सोसत नाही. आणि आपल्याकडचा उन्हाळा ४५ अंशांच्या पुढे जातो.

आज तर नव्या संगणकांत तबकडीचा खण बहुधा नसतोच. तेव्हा श्रोतेहो, आमचे सांगणे थोडके आहे. घरी गेल्यावर कपाट उघडा. जुन्या कॅमेऱ्याचे कार्ड सापडले, तर त्यातील सर्व फोल्डर आहेत तसे उतरवून घ्या. काही निवडू नका, नावे बदलू नका. केवळ डीव्हीडी उरली असेल, तर ती जशीच्या तशी उतरवून दोन ठिकाणी ठेवा. मग पाहण्यासाठी हव्या तितक्या प्रती काढा, वाटा, झिजू द्या.

गिरण्यांच्या चिमण्यांची चित्रे पुष्कळ मिळतील. त्या चिमण्यांखाली धागा सांधणारा हात कोणाच्या तरी कपाटात अजून शाबूत असेल. तो पुसला जाऊ नये, एवढ्यासाठी आम्ही आमची चूक आपल्यापुढे मांडली.