इंजिन थांबल्यावर उरते ती उंची

एका इंजिनाचे विमान हवेत बंद पडले की दगडासारखे खाली येते, ही समजूत घेऊन या विषयाकडे येणाऱ्या वाचकाचे मनापासून स्वागत. ती समजूत मात्र चपलांबरोबर दाराबाहेर ठेवावी.

फ्लाइंग क्लबांमध्ये नेहमी दिसणारे सेस्ना १७२ घ्या. इंजिन गेले तरी नाक जरा खाली घालून ६५ ते ६८ नॉटचा वेग धरला, तर हजार फूट उतरेपर्यंत ते जवळजवळ पावणेतीन किलोमीटर पुढे जाते. हाताशी वेळ असतो सव्वा मिनिटाच्या आसपास. उंची ही गाठीची पुंजी. आवक बंद, खर्च चालू. ती कुठे खर्चायची, एवढाच इंजिनाविना उतरण्याच्या या शास्त्राचा प्रश्न. त्याच्या उत्तरात वायुगतिकी येते, मानसशास्त्र येते, आणि थोडी शेतीसुद्धा.

शेती अशी, की नांगरटीवर उतरायचे तर तासांना समांतर. आडवे गेले की चाक रुतते आणि विमान उलटते. विजेच्या तारा वरून दिसत नाहीत, म्हणून खांब शोधायचे. आणि वारा तोंडावर घ्यायचा. ६० नॉटने येणारे विमान १५ नॉटच्या वाऱ्यासमोर जमिनीला ४५ नॉटने टेकते. तोच वारा पाठीशी असला तर ७५ नॉटने. आघाताची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, त्यामुळे या दोन उतरण्यांत जवळजवळ पावणेतीन पटींचा फरक पडतो.

५ मार्च २०१५ रोजी अभिनेते हॅरिसन फोर्ड कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिका विमानतळावरून रायन पीटी-२२ हे दुसऱ्या महायुद्धाच्या काळातले उघडे विमान घेऊन निघाले. उड्डाणानंतर थोड्याच वेळात इंजिनाचा जोर गेला. त्यांनी परत फिरत असल्याचे कळवले, पण धावपट्टी गाठता येणार नाही हे लक्षात येताच जवळचे गोल्फचे मैदान पत्करले. विमान झाडाच्या शेंड्याला लागून खाली आदळले. फोर्ड जबर जखमी झाले, पण वाचले. कार्ब्युरेटरमधला इंधन मोजून सोडणारा जेट जागचा सुटल्याचे तपासात आढळले. इंजिन पेट्रोलावाचून अडले नव्हते. त्याला पेट्रोल जास्त झाले होते.

मागे फिरण्याचा मोह हा या विषयाचा गाभा आहे, असे माझे मत. धावपट्टी ओळखीची, शेत परके. पण ४५ अंश कलून, उंची न सोडता वळताना पंखांवरचा भार ४० टक्क्यांनी वाढतो आणि विमान एरवीपेक्षा जास्त वेगातच स्टॉल होते, म्हणजे पंखांची उचल तुटते. अशा वेळी जमीन अंगावर येताना दिसली की हात आपसूक दांडी मागे ओढतो. ओढायची नसते, पुढे सोडायची असते. वुल्फगँग लांगेविशे यांनी १९४४ साली ‘स्टिक अँड रडर’मध्ये हा हाताचा उलटा स्वभाव इतका नीट उलगडला, की वैमानिक आजही तेच पुस्तक उघडतात. नवख्याने सुरुवात तिथूनच करावी, कार्ब्युरेटर नंतर.

आणि पट्टे शेवटासाठी ठेवू नयेत. फोर्ड यांच्या विमानात खांद्याचा पट्टा आसनाच्या पाठीला बसवला होता, पण त्या जागी मजबुतीच दिलेली नव्हती. आदळताच पट्टा तिथून उपटून आला आणि दुखापत वाढली.