मागच्या चाकांना वळण लावताना

जुन्या स्पोर्ट्स कारवर जीव असलेल्या मालकाला हल्ली एक मोह पडतो : आपल्या गाडीची मागची चाकेही वळतील अशी यंत्रणा नंतर बसवून घ्यावी का? मोहाला कारण आहे. २०१३ साली पोर्शेने ९११ जीटी३ या गाडीला वळणारी मागची चाके दिली. त्यानंतर महागड्या वेगवान गाड्यांमध्ये ही सोय सर्रास दिसू लागली. मग वीस-तीस वर्षांपूर्वीच्या गाडीला तेच कौशल्य का शिकवू नये? उत्तर शोधायला या यंत्रणेच्या इतिहासात डोकवावे लागते. गंमत अशी की हा इतिहास जितका बसवण्याचा आहे, तितकाच काढून टाकण्याचाही आहे.

१९३०च्या दशकात जर्मन सैन्यासाठी बनलेल्या हलक्या मोटारींची चारही चाके वळत असत. अरुंद वाटेवर, चिखलात गाडी फिरवायला ते सोयीचे होते. पण मागची चाके पुढच्यांच्या उलट दिशेने वळत, त्यामुळे ही सोय फक्त कमी वेगातच वापरायची असे. यंत्रणा जड, खर्चिक आणि गुंतागुंतीची होती. १९४०च्या सुधारित नमुन्यातून ती काढूनच टाकण्यात आली. मागची चाके उलट वळली की काय होते, हे गोदामातल्या फोर्कलिफ्टकडे पाहिले तरी कळते : तिची शेपटी भलत्याच बाजूला झपकन फिरते. मुंगीच्या वेगात ते उपयोगी असते. ताशी शंभर किलोमीटरला ते गिरकी खाण्याचे निमंत्रण ठरते.

वेगातली अडचण वेगळी असते. टायर रस्त्यावर किंचित तिरपा जाऊ लागल्याशिवाय बाजूची पकड देत नाही. आपण स्टिअरिंग फिरवतो तेव्हा पुढच्या चाकांना ही तिरकस लगेच मिळते. मागच्यांना ती मिळते गाडीचे अंग थोडे फिरल्यावर. हा क्षणाचा उशीर म्हणजेच शेपटीची हुलकावणी. मागची चाके पुढच्यांच्याच दिशेने अगदी थोडी वळवली, तर त्यांची पकड आधी जागी होते आणि गाडी शांतपणे बाजूला सरकते.

हे कोडे पोर्शेने आधी मोटर किंवा संगणक न वापरता सोडवले. इंजिन मागे असलेल्या ९११ची एक खोड प्रसिद्ध होती : वळणात घाबरून अ‍ॅक्सिलरेटर सोडला की भार पुढे जाई, मागची पकड सैल होई आणि गाडी फिरे. १९७७ साली आलेल्या ९२८ या गाडीचा मागचा आस, ज्याला वाइसाख आस म्हणतात, असा बेतलेला होता की ब्रेक लागताच किंवा अ‍ॅक्सिलरेटर सोडताच मागची चाके रबरी बुशांच्या लवचिकतेमुळे किंचित आत वळत. म्हणजे सावरण्याचे काम जोडणीची भूमिती आणि रबर मिळून करत.

पुढचा अध्याय जपानचा. निसानने १९८५च्या स्कायलाइनमध्ये हायकास ही यंत्रणा आणली. होंडाने १९८७च्या प्रिल्यूडमध्ये निव्वळ यांत्रिक उपाय योजला : पुढच्या स्टिअरिंगपासून मागे जाणारा एक दांडा. स्टिअरिंग थोडे फिरवले की मागची चाके त्याच दिशेने वळत, खूप फिरवले की उलट दिशेने. वेगात चालक स्टिअरिंग थोडेच फिरवतो आणि पार्किंगमध्ये पुष्कळ, एवढ्या साध्या निरीक्षणावर ती रचना उभी होती. १९८९च्या स्कायलाइन जीटी-आरमध्ये सुपर हायकास आली. ती मागची चाके क्षणभर उलट वळवून गाडीला वळणात लोटे आणि लगेच त्याच दिशेने वळवून सावरे.

आणि मग मालकांनी पाने हाती घेतले. ड्रिफ्टिंग आणि ट्रॅकवर गाडी चालवणाऱ्यांना आपल्या हातांव्यतिरिक्त आणखी कोणी गाडी वळवते आहे, हे रुचेना. सांधे झिजले की मागची चाके स्वतःच्या मनाने डुलू लागत; तेलाच्या नळ्या गळत. मग ‘हायकास लॉक बार’ नावाचा तुकडा बाजारात आला. तो बसवला की मागची चाके कायमची सरळ. जुन्या निसान गाड्यांच्या जगात मागच्या स्टिअरिंगशी निगडित सर्वाधिक परिचित ‘नंतरची जोडणी’ म्हणजे ते बंद करणारा हा तुकडा! पुढे निसाननेही २००७च्या जीटी-आरमधून मागचे स्टिअरिंग गाळले.

मग ते पुन्हा का आले? कारण मधल्या काळात गाडीला एकसंध मेंदू मिळाला. जीटी३मध्ये मागच्या चाकांना वळवणारे विजेचे अ‍ॅक्च्युएटर हे फक्त स्नायू आहेत. वेग, स्टिअरिंगचा कोन आणि गाडीचे फिरणे पाहून नियंत्रक हुकूम देतो, आणि गाडी सावरणारी स्थैर्य प्रणाली त्याच हिशेबाने जुळवलेली असते. ताशी पन्नास किलोमीटरच्या खाली चाके उलट वळतात, ऐंशीच्या वर त्याच दिशेने. आणि तेही जास्तीत जास्त दीड अंश.

या दीड अंशात सगळी मेख आहे. निव्वळ भूमितीने हिशेब करू. पार्किंगमध्ये पुढची चाके तीस अंश वळलेली असताना मागची दीड अंश उलट वळली, तर गाडीचे वर्तुळ जेमतेम चार टक्क्यांनी लहान होते. पण वेगात पुढची चाके तीन अंश वळली असताना मागची त्याच दिशेने दीड अंश वळली, तर वर्तुळाची त्रिज्या दुप्पट होते. जिथे हौशी मालकाला फायदा हवा असतो तिथे तो किरकोळ, आणि जिथे चूक जिवावर बेतेल तिथे परिणाम प्रचंड. घरगुती जोडणीत अर्ध्या अंशाचा ढिलेपणा राहिला, किंवा सेन्सरने भर वळणात चुकीचा आकडा दिला, तर चालकाला सावरायला वेळ कुठून मिळणार?

मूळची यंत्रणा नसलेल्या गाडीत ती बसवणे अशक्य आहे, असे नाही. ध्वनीपेक्षा वेगाने धावलेल्या थ्रस्ट एसएससी या मोटारीचे स्टिअरिंग मागच्या चाकांना होते आणि ती कल्पना तपासायला आधी एका मिनी गाडीत तसे बदल केले गेले. पण तो अभियंत्यांनी केलेला चाचणीचा प्रयोग होता, रोज बाजारात न्यायची गाडी नव्हे. शिवाय भारतात कायदाही आडवा येतो. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ नोंदणीपत्रातला तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा फेरफार करू देत नाही, आणि जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही मर्यादा काटेकोरपणे अधोरेखित केली.

तेव्हा उत्तर बहुतांशी ‘नको’ असेच आहे. ज्या गाडीचा मेंदू, स्टिअरिंग आणि सस्पेन्शन मागच्या चाकांना धरून आखलेले नाहीत, तिला केवळ स्नायू जोडून चपळाई येत नाही. मात्र वाइसाख आसाची शिकवण मालकाच्या आवाक्यात आहे. रबर लवते, म्हणून कुठल्याही जुन्या गाडीची मागची चाके वळणात थोडीफार वळतातच. बुश कुजले की ती वाटेल तशी वळतात. नवे बुश, घट्ट सांधे, चांगले टायर आणि जाणकाराकडून काटेकोर करून घेतलेले अलाइनमेंट, एवढ्यावर गाडीची मागची बाजू पुन्हा भरवशाची होते. यंत्रणेच्या तुलनेत हा खर्च किरकोळ आहे, आणि उद्या पस्तावून काही काढून टाकावेही लागत नाही.