चिकटायचं कुठे, हे नळीला कसं कळतं?

परवा आष्ट्याला गेलो होतो. जेवणं झाल्यावर सोप्यात कोरोनाचा विषय निघाला. २३ मार्च २०२० ला शेजारच्या इस्लामपुरात, सौदीहून आलेल्या एकाच घरातले चौघे पॉझिटिव्ह निघाले आणि आमच्या गल्लीची दारं धडाधड लागली. आत्या म्हणाली, "तू ह्यातलाच न्हवं रं? ती नळीच चुकली असती तर?"

आत्याचा प्रश्न पीसीआरइतकाच जुना आहे. कॅरी मलिसला १९८३ मध्ये ही युक्ती सुचली. डीएनएचा हवा तो भाग प्रायमर नावाच्या दोन छोट्या तुकड्यांनी पकडायचा आणि त्याच्या प्रती काढायच्या. दर फेरीला दुप्पट, म्हणजे तीस फेऱ्यांत शंभर कोटींच्या वर! पण सुरुवातीचं एन्झाइम ३७ अंशांवर काम करायचं, आणि एवढ्या थंडाव्यात प्रायमर जेमतेम जुळणाऱ्या जागीही चिकटतो. मग नको ते तुकडेही दुप्पट होत जातात.

यलोस्टोनच्या गरम झऱ्यातल्या जिवाणूचं 'टॅक' एन्झाइम १९८८ पर्यंत रुळलं. ते उष्णतेत टिकतं, त्यामुळे सगळं काम वरच्या तापमानाला करता आलं. तरी एक खोड उरलीच. नळी मशीनमध्ये जायच्या आधी, टेबलावरच, टॅक थोडं थोडं कामाला लागतं. एम.एस्सी.ला असताना माझ्या जेलवर एका रेघेऐवजी अख्खी शिडी उमटायची, ती यामुळेच. दोन आठवडे गेले त्यात...

लोकांनी यावर काय काय केलं! १९९२ मध्ये मधे चक्क मेणाचा थर घातला, वितळला की मगच सगळं एकत्र. १९९४ मध्ये अँटिबॉडीनं टॅकला बांधून ठेवलं. नळी तापली की सुटका. शिवाय कोरोनाच्या चाचणीत दोन प्रायमरांच्या मधे 'प्रोब' हा तिसरा तुकडा जुळला तरच चमक दिसते.

पुण्याच्या मायलॅबमध्ये मीनल दाखवे-भोसले यांच्या टीमनं सहा आठवड्यांत किट बनवलं आणि १८ मार्च २०२० ला ते तपासणीसाठी एनआयव्हीकडे दिलं. दुसऱ्या दिवशी त्यांना मुलगी झाली. नमुन्यांची अदलाबदल किंवा भेसळ झाली तर मात्र कुठलंही किट चुकेल, हेही आत्याला सांगितलं.

"आन् तुझ्या शिडीचं काय झालं?"

बर्फ. नळ्या बर्फात भरल्या, मशीन आधीच तापवून ठेवलं आणि पळत जाऊन आत टाकल्या. संध्याकाळी जेलवर एकच रेघ होती.