दुखणे थांबते, पण जखम भरते का?
डोळ्यांच्या दाहशामक थेंबांविषयी

मुंबई, प्रतिनिधी

पावसाळ्यात अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत डोळे येण्याची साथ नवी नाही. २०२३ च्या जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईसह राज्यभर ती मोठ्या प्रमाणावर पसरली होती. अशा वेळी आजोबांच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर उरलेली थेंबांची बाटली कपाटातून बाहेर निघते. तिच्यात अनेकदा किटोरोलॅक, डायक्लोफिनॅक, नेपाफिनॅक किंवा ब्रोमफिनॅक यांपैकी एखादे औषध असते. ही स्टिरॉइड नसलेली दाहशामक औषधे आहेत.

शस्त्रक्रियेनंतर ती उपयुक्त ठरतात. दाह निर्माण करणाऱ्या प्रोस्टाग्लँडिन या द्रव्यांची निर्मिती ती रोखतात. त्यामुळे वेदना आणि दृष्टिपटलावरील सूज कमी होते. मात्र विषाणूंवर वा जिवाणूंवर उपचार करण्यासाठी ही औषधे नाहीत.

खरा प्रश्न पारपटलाचा, म्हणजे बुबुळावरील पारदर्शक पडद्याचा आहे. या पडद्यात रक्तवाहिन्या नसतात, पण संवेदना मात्र अतिशय तीव्र असते. डोळ्यात कण गेला की होणारी वेदना ही धोक्याची सूचना असते. दाहशामक थेंबांनी ही संवेदना मंदावते, तसेच पृष्ठभागावरील जखम भरण्यास विलंब होऊ शकतो. परिणामी रुग्णाला बरे वाटत असतानाच जखम वाढण्याची शक्यता राहते. क्वचित प्रसंगी पारपटल पातळ होते, विरघळू लागते आणि त्याला छिद्र पडून दृष्टी धोक्यात येते. अमेरिकेत १९९९ मध्ये अशा घटना समोर आल्यानंतर डायक्लोफिनॅकचे एक जेनेरिक उत्पादन बाजारातून मागे घेण्यात आले होते.

मधुमेह, संधिवात किंवा डोळ्यांचा कोरडेपणा असलेल्यांना, तसेच एकाच डोळ्यावर थोड्या काळात अनेक शस्त्रक्रिया झालेल्यांना हा धोका अधिक असतो. शस्त्रक्रियेनंतर १४ दिवसांहून अधिक काळ वापर केल्यास तो वाढू शकतो, असा इशारा यांपैकी काही औषधांच्या माहितीपत्रकांत दिलेला असतो. अनेक बाटल्यांतील बेन्झाल्कोनियम क्लोराइड हे परिरक्षकही दीर्घ वापराने पृष्ठभागाला अपाय करते.

स्टिरॉइडचे थेंब हा वेगळा प्रकार आहे, पण तोही निर्धोक नाही. त्यांच्या दीर्घ वापराने काचबिंदू व मोतीबिंदू होऊ शकतो आणि नागीण विषाणूची जखम चिघळू शकते. किटोरोलॅक आणि डायक्लोफिनॅक ही दोन्ही औषधे 'शेड्यूल एच'मध्ये मोडतात. नियमानुसार ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत.

विषाणूमुळे आलेले डोळे बहुधा एक-दोन आठवड्यांत आपोआप बरे होतात. तोवर हात स्वच्छ धुवावेत, टॉवेल वेगळा ठेवावा आणि कॉन्टॅक्ट लेन्स वापरू नये. प्रकाश सहन न होणे, अंधुक दिसणे, तीव्र वेदना किंवा बुबुळावर पांढरा ठिपका यांपैकी काहीही आढळल्यास त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवावे. घाटकोपरचे राजावाडी आणि अंधेरीकरांना जवळचे कूपर या पालिका रुग्णालयांत नेत्रविभाग आहेत. कपाटातली ती जुनी बाटली मात्र आजच टाकून द्यावी.